‘लेव्हल डी’ची पाटी आणि तिच्या मागची फाइल

प्रश्न थोडक्यात असा आहे: सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) झालं, आता एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे तो विमानप्रकार उडवण्याची पात्रता, करायचं आहे. तीन ट्रेनिंग सेंटरांकडून दर मागवले आणि तिघंही म्हणाले, ‘आमचा सिम्युलेटर लेव्हल डी आहे, अप्रूव्ह्ड आहे.’ मग ही मान्यता नक्की कोण देतं आणि कशाला देतं? तिला काही अर्थ आहे की नुसता शिक्का? लेव्हल एकच असेल, तर ‘त्या सिमवर लँडिंग सोपं जातं, ह्या सिमवर घाम फुटतो’ असं सिनिअर मंडळी का सांगतात? आणि घरी एक्स-प्लेनवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर, केलेल्या तासांचं काय?

मी वैमानिक नाही. २७ वर्षं सिम्युलेटरच्या देखभालीत काढली, निम्मी आखातात आणि निम्मी दिल्लीच्या आसपास. नियामकाचा इन्स्पेक्टर येणार म्हटलं की रात्री जागून चाचण्या चालवणारे जे लोक असतात, त्यांतला मी एक. त्यामुळे हे उत्तर कॉकपिटच्या आतून आलेलं नाही, मागच्या बाजूच्या कॅबिनेटमधून आलेलं आहे.

सर्वांत आधी एक गल्लत दूर करू. ‘अप्रूव्ह्ड सिम्युलेटर’ ह्या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या मान्यता कोंबलेल्या असतात. एक त्या यंत्राची. दुसरी ते यंत्र वापरून शिकवणाऱ्या संस्थेची आणि तिच्या अभ्यासक्रमाची. तिसरी तुमच्या शेजारी किंवा मागे बसणाऱ्या इन्स्ट्रक्टरची आणि परीक्षकाची. तिन्ही एकाच वेळी चालू असतील तरच तुमचा तास लॉगबुकात धरला जातो. यंत्र उत्तम आहे पण संस्थेचा त्या टाइपसाठीचा अभ्यासक्रम मंजूर नाही, किंवा सगळं आहे पण परीक्षकाची मुदत मागच्या आठवड्यात संपली, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. पैसे भरणाऱ्या मुलाला हे कळतं ते फाइल परत आल्यावर.

यंत्राची मान्यता मॉडेलला मिळत नाही, त्या एका यंत्राला मिळते. वजनमापे खात्याचा माणूस दुकानात येऊन काट्याला सील लावतो, तसाच हा प्रकार. शेजारच्या दुकानात त्याच कंपनीचा काटा असला तरी त्याचं सील वेगळं आणि तारीखही वेगळी. एकाच हॉलमध्ये एकाच कारखान्यातून आलेले दोन ए३२० सिम उभे असले, तरी दोघांची प्रमाणपत्रं, ओळख क्रमांक आणि अपवादांच्या याद्या वेगळ्या. यंत्र उचलून दुसऱ्या शहरात नेलं तर पुन्हा तपासणी. आणि ज्या देशाच्या लायसन्ससाठी वापरायचं, त्या देशाच्या नियामकाने ते मानलेलं असावं लागतं. म्हणून मोठ्या सेंटरमध्ये एकेका सिमच्या दाराशेजारी चार-पाच देशांची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली दिसतात. अमेरिकेच्या एफएएचं असलं म्हणून भारताच्या डीजीसीएचं आपोआप होत नाही.

नियामक ह्यात एवढा का शिरतो, हे समजायला एकच तारीख पुरे. ८ मार्च १९९४, दिल्ली. सहारा इंडियाचं बोइंग ७३७-२०० प्रशिक्षणार्थींना घेऊन टच-अँड-गो (धावपट्टीला चाकं टेकवून लगेच पुन्हा उड्डाण) करत होतं. उड्डाणाच्या क्षणी एक इंजिन बंद पडल्याचा सराव चालू असताना चुकीच्या बाजूचा रडर, म्हणजे पायाने चालवायचं शेपटीवरचं सुकाणू, दाबला गेला. विमान कोसळलं आणि टर्मिनलजवळ उभ्या असलेल्या एरोफ्लोटच्या आयएल-८६ वर जाऊन आदळलं. विमानातले चौघंही गेले, जमिनीवरचे धरून एकूण ९ बळी. हाच सराव आज सिममध्ये दिवसातून वीस वेळा होतो. चुकीचा रडर दाबला तर पडदा लाल होतो, इन्स्ट्रक्टर दोन शब्द सुनावतो, मग यंत्र पुन्हा धावपट्टीच्या टोकाला आणून ठेवतो. पण ह्या सोयीची अट एकच: सिममध्ये ज्या पायाने, जितक्या जोराने आणि ज्या क्षणी रडर दाबून विमान सरळ राहिलं, तसंच खऱ्या विमानातही राहिलं पाहिजे. ते राहतं की नाही, हे कुणीतरी तिऱ्हाइताने मोजायला हवं. मान्यतेचा सगळा पसारा ह्या मोजणीचा आहे.

पसारा उभा राहिला तो अमेरिकेत. १९८० मध्ये एफएएने ‘ॲडव्हान्स्ड सिम्युलेशन प्लॅन’ आणला. सिम्युलेटर जितका अस्सल, तितकं जास्त प्रशिक्षण त्यावर करायला मुभा, असं त्याचं सूत्र होतं. त्यातल्या टप्प्यांचे पुढे ए, बी, सी, डी असे स्तर झाले. ते आज अमेरिकेच्या ‘पार्ट ६०’ ह्या सिम्युलेटरच्या नियमांतही आहेत आणि युरोपच्या ‘सीएस-एफएसटीडी’ ह्या नियमावलीतही, आणि आपल्याकडे बोलताना हीच अक्षरं वापरतात. ए आणि बी स्तराला तीन दिशांची हालचाल चालते. सी आणि डीला सहाही दिशा लागतात. डीमध्ये त्यावर आवाज आणि कंपनं मोजून जुळवावी लागतात. हालचाल नसलेली, जमिनीवर स्थिर असणारी यंत्रं म्हणजे एफटीडी, त्यांचे आकडे वेगळे. डी स्तराचं मोल एवढ्यासाठी, की टाइपचं संपूर्ण प्रशिक्षण खऱ्या विमानाला हातही न लावता होऊ शकतं, आणि पुरेसा अनुभव असलेला वैमानिक त्या टाइपचं पहिलं खरं लँडिंग थेट प्रवासी घेऊन, ट्रेनरच्या शेजारी बसून करू शकतो. मागच्या सीटवरच्या प्रवाशाला हे कुणी सांगत नाही, आणि नाही सांगत तेच बरं.

आता मुख्य गोष्ट. पाटीच्या मागे जी फाइल असते तिला क्यूटीजी म्हणतात, म्हणजे क्वालिफिकेशन टेस्ट गाइड. पूर्वी ती जाडजूड बाइंडरांची रांग असायची, माझ्या पहिल्या सेंटरमध्ये लोखंडी कपाटाचे दोन खण भरले होते. आता ती सर्व्हरवर असते. तिच्यातल्या शेकडो चाचण्यांची रचना सारखीच. एका बाजूला खऱ्या विमानाच्या चाचणी उड्डाणात नोंदलेली रेषा. दुसऱ्या बाजूला तेच वजन, तोच गुरुत्वमध्य, तीच उंची, तोच वारा आणि वैमानिकाने दिलेले तेच इनपुट घालून सिमने काढलेली रेषा. दोन्ही एकावर एक ठेवायच्या. अंतर ठरवून दिलेल्या मर्यादेत असेल तर पास.

मर्यादा किती बारीक असतात, त्याचा थोडा नमुना देतो. धावपट्टीवर वेग घेताना लागणारा वेळ ५ टक्के किंवा दीड सेकंदाच्या आत जुळला पाहिजे, अंतर ५ टक्के किंवा ६१ मीटरच्या आत. चढताना वेगात ३ नॉट, आणि चढण्याच्या दरात मिनिटाला १०० फूट किंवा ५ टक्के. विमान ट्रिम करून, म्हणजे हात न लावता स्थिर उडेल असं लावून, वेग थोडा बिघडवून कंट्रोल सोडून दिला की ते समुद्रातल्या होडीसारखं सावकाश वर-खाली होत राहतं. ह्या फ्युगॉइडचा एक हेलकावा पूर्ण व्हायचा वेळ १० टक्क्यांत जुळायला हवा. ७३७ सारख्या विमानाचा कंट्रोल कॉलम (वैमानिकासमोरची दांडी) जागचा हलायला लागणारा जोर साधारण ९०० ग्रॅम इकडेतिकडे, बस्स. आवाजाची चाचणीसुद्धा कानावर सोडलेली नसते. कॉकपिटमध्ये मायक्रोफोन ठेवून आवाजाचे पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्टा ५ डेसिबलच्या आत पाहतात.

वाचायला हे सोपं वाटतं. मी लागलो तेव्हा सगळं हायड्रॉलिक होतं. सकाळी सहाच्या स्लॉटआधी कॉलमच्या जोराची चाचणी लावली की हमखास नापास, दहा वाजता लावली की पास. आठवडाभर आम्ही सॉफ्टवेअर उसवत बसलो. शेवटी आमच्या एका जुन्या मिस्त्रीने तेलाच्या टाकीला हात लावून सांगितलं, ‘साहेब, तेल गार आहे.’ त्यानंतर चाचणीच्या आधी चाळीस मिनिटं पंप चालवायचा, असं कार्यपद्धतीत लिहून टाकलं. पुढे इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर आले आणि ह्या भानगडी संपल्या. नव्या मुलांना तेलाचा वाससुद्धा माहीत नाही.

खऱ्या विमानाची रेषा येते कुठून? विमान बनवणारी कंपनी चाचणीच्या विमानावर सेन्सर बसवून ती नोंदते आणि डेटा पॅकेज म्हणून विकते. हे पॅकेज अतिशय महाग असतं. जुन्या किंवा कमी खपाच्या विमानांसाठी ते मिळतच नाही, मग तिसरीच एखादी कंपनी विमान भाड्याने घेऊन उपकरणं बसवते आणि उडवून डेटा जमवते. म्हणून एखाद्या टाइपचे सिम जगात ढिगाने असतात आणि एखाद्याचा सिम शोधत दुसऱ्या खंडात जावं लागतं. यंत्र बांधता येत नाही असं नसतं. त्याला ताडून पाहायला डेटा नसतो, आणि डेटा नसेल तर मान्यतेचं घोडं तिथेच पेंड खातं.

आणखी एक गोष्ट मोजतात, ती म्हणजे उशीर. तुम्ही स्टिक हलवली आणि उपकरणं, हालचाल, बाहेरचं दृश्य ह्यांनी प्रतिसाद दिला, ह्यामधला यंत्राचा स्वतःचा वेळ. सी आणि डी स्तराला तो १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, खालच्या स्तरांना ३०० चालतो. फरक पापणी लवण्याइतकाही नाही. पण उशीर वाढला की वैमानिक आपोआप जास्त इनपुट देतो, मग उलटं देतो आणि विमान डोलायला लागतं. दोष हाताचा नसतो, पण हात तसा घडतो. कुणाला सिममध्ये मळमळत असेल तर मी आधी हा आकडा पाहायचो, मग प्रोजेक्टर.

फाइल झाली की माणसं येतात. साधारणतः एक इंजिनिअर इन्स्पेक्टर आणि एक वैमानिक इन्स्पेक्टर. इंजिनिअर आपल्या मनाने चाचण्या निवडतो आणि समोर चालवायला लावतो. त्यातल्या काही आपोआप चालतात, पण काही हाताने उडवून दाखवाव्या लागतात, कारण चाचणीच्या मोडमध्ये सगळं आलबेल आणि माणूस उडवायला लागला की वेगळंच, असं होऊ शकतं. मग वैमानिक बसतो. दोन-तीन तास तो नेहमीचं उड्डाण करतो, गेटपासून गेटपर्यंत, मध्ये बिघाड टाकतो, पाऊस पाडतो, धुकं आणतो.

ह्या दुसऱ्या भागाला काही इंजिनिअर नाकं मुरडतात. मीही मुरडायचो. एकदा आमचा सिम आवाजाच्या सगळ्या चाचण्या पास झालेला. इन्स्पेक्टरने उजवं इंजिन बंद पाडलं आणि क्षणभर थांबून विचारलं, ‘आवाज डावीकडचा का गेला?’ दोन महिन्यांपूर्वी ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना आम्हीच डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा अदलाबदल केल्या होत्या. मायक्रोफोन एका जागी ठेवलेला, त्याला एकूण आवाज बरोबरच मिळत होता. दोन महिने वैमानिकांनी त्या सिमवर इंजिन फेल्युअर केलं आणि एकानेही लिहून दिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी नाक मुरडणं सोडलं.

तपासणीनंतर जे प्रमाणपत्र मिळतं त्याला जोडलेलं पान वाचण्यासारखं असतं. कोणतं इंजिन, कोणत्या सॉफ्टवेअर स्टँडर्डची एव्हिओनिक्स (उड्डाणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं), कोणते विमानतळ तपासलेले, आणि कोणत्या गोष्टींसाठी हा सिम पात्र नाही. दोन लेव्हल डी वेगळे का वाटतात, ह्याचं निम्मं उत्तर त्या पानावर आहे. एकाचं इंजिन सीएफएम, दुसऱ्याचं आयएई. एकाचं वय तीन वर्षं, दुसऱ्याचं अठरा. उरलेलं निम्मं उत्तर मर्यादांमध्ये आहे: एक सिम मर्यादेच्या वरच्या कडेला पास झालेला, दुसरा खालच्या. दोघंही खऱ्या विमानापासून नियमाने मान्य केलेल्या अंतरात आहेत, पण एकमेकांपासून दुप्पट अंतरावर असू शकतात. लँडिंगच्या फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक हलकेच उचलताना, तर प्रोजेक्टरची जुळणी थोडी सरकली तरी जमीन लवकर किंवा उशिरा ‘येते’. तेव्हा सिनिअर म्हणतात ते खोटं नाही. पण सोपं सिम म्हणजे चांगलं सिम, असा अर्थ त्यातून काढू नका.

आता मला ज्यावर खरं बोलायचं आहे तिथे येतो. मान्यता डेटापुरतीच असते. जिथे डेटा संपतो तिथे सिम थांबत नाही, तो तितक्याच आत्मविश्वासाने पुढे उडत राहतो. पडदा तसाच स्वच्छ दिसतो, सिमला हलवणारे पाय तसेच हलतात. फक्त आता तो अंदाज दाखवत असतो, आणि आत बसलेल्याला ते कळायला काही मार्ग नसतो.

१२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं ए३००-६०० क्वीन्समध्ये कोसळलं. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. पुढच्या विमानाच्या हवेच्या भोवऱ्यात विमान डुचमळलं, सहवैमानिकाने रडर एकापाठोपाठ एक टोकापासून टोकापर्यंत मारला आणि शेपटीचा उभा पंख तुटून निघाला. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने रडरच्या रचनेबरोबरच कंपनीच्या प्रशिक्षणावरही बोट ठेवलं. त्या प्रशिक्षणात सिममध्ये भोवऱ्याचा सराव होता. विमान भरपूर कलंडावं म्हणून सिमला काही वेळ वैमानिकाच्या इनपुटला प्रतिसादच द्यायचा नाही, असं बसवलेलं होतं. वैमानिकाने कंट्रोल दिला, काही झालं नाही, म्हणून त्याने आणखी दिला, आणि मगच विमान सावरलं. म्हणजे शरीर शिकलं की भोवरा भयंकर असतो आणि त्यात दणकून रडर लागतो. दोन्ही चूक. आमच्या धंद्यात ह्याला निगेटिव्ह ट्रेनिंग म्हणतात: न शिकवण्यापेक्षा वाईट, कारण चुकीचं मुरतं. इथे यंत्रात बिघाड नव्हता. यंत्र ज्यासाठी तपासलेलं नव्हतं, त्यासाठी वापरलं गेलं.

स्टॉलचंही तसंच, म्हणजे पंखांची उचल संपून विमान पडायला लागतं त्या स्थितीचं. वर्षानुवर्षं सिमवर ‘स्टॉलच्या जवळ जाणं’ एवढंच शिकवत. स्टॉलची सूचना देणारा शेकर वाजला की पॉवर द्यायची, उंची शक्य तितकी राखायची. पूर्ण स्टॉलमध्ये विमान कसं वागतं ते सिमच्या मॉडेलमध्ये नीट नव्हतंच, कारण मोठ्या प्रवासी विमानाला मुद्दाम तिथे नेऊन डेटा जमवणं धोक्याचं. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान स्टॉल होऊन पडलं, ५० जण गेले. त्याच वर्षी जूनमध्ये एअर फ्रान्स ४४७ अटलांटिकमध्ये गेलं, तेही स्टॉलमध्येच. अमेरिकेत २०१० मध्ये कायदा झाला, पूर्ण स्टॉलचं प्रशिक्षण सक्तीचं ठरलं आणि मग सिमचे नियम बदलावे लागले. एफएएचा तो बदल २०१६ चा. त्यात पूर्ण स्टॉल, अपसेट रिकव्हरी (भलत्याच कोनात गेलेलं विमान सावरणं), बर्फ साचणं, झोताचा आडवा वारा आणि लँडिंगला उसळी मारल्यावरचं सावरणं ह्यांच्या चाचण्या आल्या. मार्च २०१९ नंतर अमेरिकन कंपन्यांना ही कामं त्यासाठी वेगळ्या तपासलेल्या सिमवरच करावी लागली. स्टॉलचा पुरेसा डेटा नाही, तिथे तो टाइप खरोखर स्टॉल करून पाहिलेल्या किंवा त्याची नीट माहिती असलेल्या वैमानिकाने मॉडेल तपासून सही करायची, अशी वाट काढली.

मला सर्वांत आवडलेला बदल त्यातला एक छोटा पडदा आहे. मागे बसणाऱ्या इन्स्ट्रक्टरच्या स्क्रीनवर आता अँगल ऑफ अटॅक (पंखावर हवा येण्याचा कोन) आणि साइडस्लिपचा (विमान बाजूला घसरण्याचा) एक आलेख दिसतो आणि विमानाचा ठिपका तपासलेल्या क्षेत्राच्या आत आहे की बाहेर ते कळतं. त्याच्याच बाजूला विमानावर किती जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट भार, येतोय तेही. हे लागतंच, कारण सिमचे सहा पाय फार तर दीड मीटर लांबतात. त्यांना एका झटक्याची जाणीव देता येते, पुढचा जोर मात्र ते कॉकपिट तिरपं करून गुरुत्वाकर्षणाकडून उसना आणतात. टिकून राहणारा अडीच जी त्या यंत्राला कधीच देता येणार नाही. खऱ्या विमानात शरीर खुर्चीत दाबलं गेलं असतं, सिममध्ये तुम्ही आरामात स्टिक ओढत राहता. तेव्हा पंख वाकेपर्यंत ओढलंय हे सांगायला पडदाच हवा.

बोइंग ७३७ मॅक्सची गोष्ट ताजी आहे. लायन एअर आणि इथिओपियन, दोन अपघात, ३४६ बळी. इथिओपियनच्या वैमानिकांनी इलेक्ट्रिक ट्रिम (विमानाचं नाक वर-खाली लावणारी मोटर) तोडली आणि हाताने ट्रिमचं चाक फिरवायला गेले, पण त्या वेगाला हवेचा भार एवढा की चाक फिरेना. मे २०१९ मध्ये बोइंगने कबूल केलं की मॅक्सच्या सिम्युलेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करावी लागली, कारण काही उड्डाणस्थितींचं चित्र त्यात बरोबर उमटत नव्हतं. प्रश्न होता तो ह्याच चाकाच्या जोराचा. म्हणजे जगभर मान्यताप्राप्त म्हणून उभे असलेले सिम त्या एका बाबतीत चाक सहज फिरतं असं दाखवत होते. नंतर मॅक्स परत उडवायच्या अटींत सिमवरचं प्रशिक्षण आलं. डीजीसीएने भारतात बंदी उठवली ती ऑगस्ट २०२१ मध्ये.

आणि लगेच पुढच्या वर्षी आपल्याकडे काय झालं? ग्रेटर नोएडातल्या एका सेंटरमध्ये ३० मार्च २०२२ रोजी डीजीसीएचं पथक तपासणीला गेलं. तिथे मॅक्सच्या सिमचा सहवैमानिकाच्या बाजूचा स्टिक शेकर बंद होता आणि प्रशिक्षण चालू होतं. स्टिक शेकर म्हणजे स्टॉल जवळ आला की कॉलम थरथरवणारी मोटर. मॅक्सच्या दोन्ही अपघातांत सर्वांत आधी वाजलेली सूचना हीच. डीजीसीएने स्पाइसजेटच्या ९० वैमानिकांना पुन्हा प्रशिक्षण होईपर्यंत मॅक्स उडवायला मनाई केली आणि पुढे कंपनीला १० लाखांचा दंड लावला. सिम त्या दिवशीही लेव्हल डीच होता. प्रमाणपत्र भिंतीवर होतं.

म्हणून दरवाजावरच्या फ्रेमपेक्षा मी टेक लॉगकडे पाहायला सांगतो. प्रत्येक सिमला विमानासारखाच टेक लॉग असतो. दिवसाच्या पहिल्या सेशनआधी इंजिनिअर कार्यात्मक तपासणी करून सही करतो. सेशनमध्ये काही बिघडलं तर इन्स्ट्रक्टर स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहितो. लगेच दुरुस्त होत नसेल तर तो बंद भागांच्या यादीत जातो आणि त्याच्यापुढे लिहिलं जातं की हे बंद असताना कोणता सराव करायचा नाही. पार्ट ६० मध्ये दुरुस्तीला साधारण ३० दिवसांची मुदत आहे. सिम पूर्ण थांबवायचा की काही सराव वगळून चालवायचा, हा निर्णय त्या यादीवरून होतो. नियम वाईट नाही. मोडतो तो पहाटे दोनच्या स्लॉटला. सिम दिवसाला वीस-वीस तास विकलेला असतो, स्पेअर परदेशातून यायचा असतो, परीक्षार्थी चेन्नईहून आलेला असतो, आणि मॅनेजर इंजिनिअरला विचारतो, ‘एवढ्याने काय अडतंय?’ मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला की मोजणं सोडलं. दोन-तीनदा मी ‘नाही अडत’ असं म्हणालोही आहे. त्यातलं एक उत्तर चुकीचं होतं, सुदैवाने दुसऱ्या दिवशी सकाळीच एका परीक्षकाने सेशन थांबवलं.

शिवाय वर्षभर क्यूटीजीच्या चाचण्या वाटून घेऊन चालवत राहाव्या लागतात. अमेरिकेत दर तिमाहीला एक वाटा, आणि साधारण १२ महिन्यांनी नियामकाचं पथक. युरोपातही वार्षिक तपासणी हाच पाया, आपल्याकडेही ठरावीक मुदतीने पुनर्तपासणी होते. विमानाला नवा सॉफ्टवेअर बदल आला की सिमलाही तो आणावा लागतो, आणि मग संबंधित चाचण्या पुन्हा.

सिम तोच, लेव्हल तीच, पण कामासाठी पात्र नाही, ह्याचं भारतीय उदाहरण २०२५ चं. लेह, कालिकत, काठमांडू असे अवघड विमानतळ सी वर्गात मोडतात आणि तिथे जाणाऱ्या वैमानिकाला वेगळं प्रशिक्षण लागतं. त्यासाठी वापरलेले सिम त्या विमानतळांसाठी पात्र नव्हते, असा ठपका ठेवून डीजीसीएने इंडिगोला २० लाखांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपिलात जाणार असल्याचं कळवलं. निकाल काही लागो, मुद्दा ध्यानात घ्या: लेहच्या दरीत वळताना डोंगर जिथे दिसायला हवा तिथे दिसतो का, हे कुणीतरी तपासून त्या पानावर लिहिलेलं असावं लागतं.

आयकाओ ह्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची विचारसरणीसुद्धा इकडेच वळली आहे. त्यांच्या ९६२५ क्रमांकाच्या दस्तऐवजाच्या २००९ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत ए-बी-सी-डीऐवजी सात प्रकार आले. आधी कोणतं काम शिकवायचं ते ठरवा, मग त्याला कॉकपिट किती अस्सल हवं, दृश्य किती, हालचाल किती, हे वेगवेगळं ठरवा. सर्वसाधारण, प्रातिनिधिक की त्याच विमानाचं नेमकं, अशा पायऱ्या. मला हे एका अक्षरापेक्षा प्रामाणिक वाटतं. पण ‘लेव्हल डी’ हे जाहिरातीत छान बसतं, त्यामुळे ते इतक्यात जाणार नाही.

घरच्या एक्स-प्लेनबद्दल. तास धरले जात नाहीत. गंमत अशी की तेच सॉफ्टवेअर परदेशात काही मान्यताप्राप्त छोट्या ट्रेनरमध्ये असतं. पण मान्यता सॉफ्टवेअरला नसते, ठरावीक हार्डवेअर, ठरावीक मांडणी आणि त्यांचा मोजलेला प्रतिसाद ह्या सगळ्याला मिळून असते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या ४० तासांपैकी २० तासांपर्यंत सिम्युलेटरवर करता येतात, पण ‘अप्रूव्ह्ड’ हा शब्द तिथे आहे. एखादा मॉलमधला हलणारा कॉकपिटवाला ‘तासांचं सर्टिफिकेट देतो’ म्हणाला तर ते वाढदिवसाच्या अल्बममध्ये लावा. घरी जरूर बसा, पण फ्लो (बटणं हाताळण्याचा क्रम) पाठ करायला, चेकलिस्ट म्हणायला, बारामतीच्या धावपट्टीचा सर्किट डोळ्यांत बसवायला. फ्लेअर आणि रडर घरी शिकू नका, ते नंतर सोडवताना त्रास होतो.

तिन्ही सेंटरांना आता ई-मेल करा, फोन नको. यंत्राचं डीजीसीएचं सध्याचं प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेलं पान मागा, पाटीचा फोटो नको. मुदत तुमच्या कोर्सच्या शेवटच्या दिवसापलीकडे, स्किल टेस्टपलीकडे आहे का पाहा. टेस्ट पुढे ढकलली जातेच, म्हणून एक महिना वर धरा. इंजिन आणि स्टँडर्ड तुम्हाला जिथे नोकरी हवी त्या ताफ्याशी जुळतंय का ते बघा, नाही जुळलं तरी बिघडत नाही, पण नंतर डिफरन्स ट्रेनिंग (त्या फरकापुरतं प्रशिक्षण) कुणाच्या खर्चाने, हे आजच विचारा. स्टॉल आणि अपसेट रिकव्हरीसाठी हा सिम पात्र आहे का, हा प्रश्न एका ओळीत लिहा. ज्या सेंटरचं उत्तर दोन दिवसांत येईल, तिथला क्वालिटी मॅनेजर कामावर आहे. ज्याचं उत्तर मार्केटिंगकडून ‘सर, हमारा सब अप्रूव्ह्ड है’ असं येईल, त्याचा दर बहुधा सर्वांत कमी असेल.

आणि पहिल्या दिवशी ब्रीफिंग संपल्यावर पुलावरून सिममध्ये शिरताना इंजिनिअरला नमस्कार करून विचारा, ‘आज काय यू/एस आहे?’ म्हणजे अनसर्व्हिसेबल, बंद. तो आधी चमकेल, कारण विद्यार्थी हे विचारत नाहीत. मग टेक लॉग उघडून दाखवेल.